घरी जन्मलेलं बाळ डॉक्टरला कधी दाखवायचं?

प्रश्न : आमचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे आहे. दवाखान्यात जायचं तर आधी लाँच, मग गाडी. गेल्या जुलैत वारा-पावसामुळे लाँच बंद होती आणि माझी मुलगी घरीच झाली. लगेच रडली, तासाभरात दूध प्यायली. सासूबाईंनी पाचवी होईपर्यंत तिला उंबऱ्याबाहेर काढू दिलं नाही. बाराव्या दिवशी आरोग्य केंद्रात नेलं, लसी दिल्या, डॉक्टर म्हणाले बाळ ठणठणीत आहे. आता धाकट्या जाऊबाईंना आठवा महिना आहे आणि तारीख पुन्हा भर पावसातली आहे. सासूबाई म्हणतात, "माझी चारही घरातच झाली, एकाला डॉक्टर लागला नाही. बाळ रडतंय, पितंय, मग त्याला वाऱ्यापावसात कशाला काढायचं?" माझ्या नवऱ्याचं म्हणणं, जन्मल्याबरोबर साताऱ्याला न्यायचं. या वेळीही घरीच झालं, तर बाळाला लगेच दाखवणं खरंच गरजेचं आहे का? ते ठरवायचं कसं?

उत्तर : ताई, हो, गरजेचं आहे. घरी जन्मलेलं बाळ कितीही गुटगुटीत दिसत असलं तरी पहिल्या 24 तासांत ते एखाद्या शिकलेल्या माणसाच्या नजरेखालून आणि हाताखालून गेलंच पाहिजे. मात्र तो माणूस साताऱ्याचा बालरोगतज्ज्ञच हवा असं नाही. उपकेंद्राच्या नर्सबाई, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर हे काम करू शकतात, आणि नर्सबाई तर उंबऱ्याच्या आत येऊनही करू शकतात. म्हणजे सासूबाई आणि तुमचे यजमान ज्यावर भांडतायत तो मुद्दाच वेगळा आहे. तपासायचं की नाही हे ठरलेलंच आहे. ठरवायचं ते एवढंच की बाळ घरी थांबून नर्सबाईंची वाट पाहू शकतं, की त्याला ताबडतोब हलवायला हवं.

"बाळ रडतंय, पितंय" हा निकष अपुरा का, ते आधी सांगतो. पोटात असताना बाळाचं बरंच काम वार करत असते. हृदयात जन्मजात दोष असला, तरी फुफ्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक नळी जन्मानंतर काही काळ उघडी असते आणि तिच्यावर बाळाचं निभावतं. ती बंद होते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, आणि तोवर लालबुंद दिसणारं बाळ काही तासांत निळं किंवा राखाडी पडतं. कावीळ चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. जंतुसंसर्ग पहिल्या दिवशी फक्त "जरा सुस्त आहे" एवढाच दिसतो. सासूबाईंची चारही बाळं नीट वाढली हे खरंच आहे. बहुतेक बाळं वाढतातच. मोजकी जी अडचणीत येतात, ती पहिल्या दिवशी इतरांसारखीच दिसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घरी जन्मलेल्या बाळाचं काय राहून जातं. तुमच्या मुलीचाच हिशेब घ्या. बाराव्या दिवशी तिला बीसीजी मिळाली असेल. ती वर्षभरात कधीही देता येते, तेव्हा तिथे काही बिघडलं नाही. पोलिओचा शून्य डोस पहिल्या 15 दिवसांत देतात, तोही मिळाला असणार. पण हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूवरच्या लसीचा जन्मवेळचा डोस 24 तासांच्या आत द्यायचा असतो, तो हुकला. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीत, ही लस असते, त्यामुळे आता काळजी नको. जन्मवेळचा डोस मुख्यतः आईकडून होणारी लागण रोखतो.

आणि राहतं ते व्हिटॅमिन के. याबद्दल गावात कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. रक्त गोठायला हे जीवनसत्त्व लागतं. ते आईकडून वारेतून बाळाकडे फारसं जात नाही, अंगावरच्या दुधात अगदी थोडं असतं आणि ते तयार करणारे आतड्यांतले जंतू नवजात बाळात अजून स्थिरावलेले नसतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला मांडीत 1 मिलीग्रॅमचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच मिळतं, घरच्या बाळाला नाही. मग पहिल्या आठवड्यात बेंबीतून किंवा नाकातून रक्त येऊ शकतं, उलटीत रक्त दिसू शकतं. त्याहून वाईट प्रकार दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात घडतो. अंगावर पिणारं, वजन धरलेलं बाळ अचानक पांढरं पडतं, झटके येतात, टाळू फुगते, कारण रक्तस्राव मेंदूत झालेला असतो. एका इंजेक्शननं हे टळतं. पहिल्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या-चौथ्या दिवशीही द्यावं, "आता काय उपयोग" म्हणून सोडू नये. तुमच्या मुलीला ते मिळालं होतं का हे आता विचारायची गरज नाही, ते वय सरलं. जाऊबाईंच्या बाळासाठी मात्र नर्सबाईंना नाव घेऊन विचारा : "व्हिटॅमिन के दिलं का?"

आता आजच करायचं काम. जाऊबाईंचं माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि त्यांचा रक्तगट बघा. निगेटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर बाळाचा रक्तगट तपासावा लागतो आणि तो पॉझिटिव्ह निघाला तर आईला 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. ते राहिलं तर पुढच्या गरोदरपणात आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तपेशी फोडतात. अशा बाळाला पहिल्याच दिवशी कावीळ चढू शकते. मग एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची तपासणी), एचआयव्ही आणि सिफिलिस या तपासण्यांचे निकाल बघा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला शक्यतो 12 तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन लागतं, आणि ते उपकेंद्रात मिळत नाही. धनुर्वाताची, म्हणजे टीडीची इंजेक्शनं झालीत का तेही कार्डावर असतं. यांतला एखादा निकाल प्रतिकूल असेल, साखर वाढलेली असेल, जुळं असेल किंवा आधीचं सिझेरियन असेल, तर घरच्या बाळंतपणाचा धोका घेऊच नका. तारखेच्या पंधरा दिवस आधीच जाऊबाईंना पाण्याच्या अलीकडे कुणा नातेवाइकांकडे आणून ठेवा. खरं तर कार्ड अगदी स्वच्छ असलं, तरी पावसाळ्यात तेच करावं.

तरीही घरी झालंच, तर बाळाला कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून दोघांना मिळून पांघरूण, बाळाला टोपडं, आणि तासाभरात अंगावर पाजा. पहिला घट्ट पिवळा चीक फेकायचा नाही. मध, साखरपाणी, गुटी काही नको. नाळेला उकळलेला स्वच्छ दोरा आणि नवं पातं, पहिली गाठ पोटापासून दोन बोटांवर, दुसरी त्याच्या पुढे, काप दोन गाठींच्या मध्ये. नाळेवर हळद, तेल, राख, शेण काही लावायचं नाही, ती उघडी आणि कोरडी ठेवायची. रक्त झिरपताना दिसलं तर पहिल्या गाठीच्या आत आणखी एक घट्ट गाठ मारा. अंघोळ पहिले 24 तास नको. खोलीत शेगडीचा धूरही नको.

इथून पुढे बाळाकडे बघून निर्णय करायचा. पाच गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता.

श्वास. बाळ शांत असताना, पिऊन किंवा रडून झाल्यावर लगेच नव्हे, पोटावरचं कापड बाजूला करा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. नवजात बाळ काही श्वास भराभर घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा घेतं. हे त्याच्यासाठी नेहमीचं आहे आणि अर्ध्या मिनिटाचा आकडा त्यामुळे हमखास चुकतो. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला हलवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज असेल, श्वास 20 सेकंद थांबत असेल किंवा ओठ-जीभ निळी असेल, तर मोजत बसायचंच नाही. फक्त तळहात-तळपाय निळसर आणि जीभ गुलाबी असेल तर पहिल्या दिवशी ते चालतं.

ऊब. हाताच्या मागच्या बाजूनं आधी पोट, मग तळपाय चाचपा. दोन्ही उबदार असले की ठीक. पोट उबदार आणि पाय गार म्हणजे बाळ गारठायला लागलंय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार म्हणजे धोका. थर्मामीटर असेल तर काखेत 97.7 ते 99.5 फॅरनहाइट असायला हवं. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, नवजात बाळ पुष्कळदा उलट गार पडतं, हे घरातल्यांना पटत नाही. "ताप नाही ना, मग ठीक आहे" असं म्हणू नका.

पिणं. पहिल्या दिवशी बाळ झोपाळू असतं, पण उठवल्यावर तोंड उघडून ओढायला हवं. दोन वेळा ओढत होतं आणि आता ओढतच नाही, हा बदल सगळ्यात बोलका. तोंडातून सारखा फेस येत असेल आणि पहिल्या घोटालाच ठसका लागून काळंनिळं पडत असेल, तर अन्ननलिका जोडलेली नसण्याची शक्यता असते, पुढचा घोट पाजू नका. हिरवी उलटी झाली तर आतड्यात अडथळा समजायचा आणि त्याच क्षणी निघायचं. पिवळट, दह्यासारखी गुळणी निराळी, ती चालते.

शी-शू. काळी चिकट शी 24 तासांत व्हायला हवी. लंगोट बदलताना शीची जागा उघडी आहे ना हेही बघा. हसू नका, ती जागाच नसलेली बाळं "शी झाली नाही, गुटी द्या" म्हणत दोन-दोन दिवस घरी राहिलेली असतात. शू पहिल्या दिवशी एखाददा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत सहाव्या दिवसापर्यंत रोज सहाच्या आसपास.

वजन. आशाताईंकडे झोळीचा काटा असतो. अडीच किलो किंवा त्याहून जास्त असेल आणि वरचं सगळं नीट असेल, तर बाळ घरी थांबून 24 तासांत नर्सबाईंना दाखवलं तरी चालेल. 1.8 ते अडीच किलो असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. अशा बाळाची साखर उतरते, ते लवकर गारठतं आणि ओढून पिताना दमतं. 1.8 पेक्षा कमी असेल, किंवा साडेसात महिन्यांच्या आतलं असेल, तर मधल्या दवाखान्यात न थांबता जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात तिथे न्यायचं.

या खेरीज काही गोष्टी अशा आहेत की बाळ छान दिसत असलं तरी थांबायचं नाही : जन्मल्यावर उशिरा रडलेलं किंवा तोंडानं हवा द्यावी लागलेलं बाळ, प्रसूतीआधी 18 तासांपेक्षा जास्त वेळ पाणी जात होतं, आईला ताप होता, पाणी हिरवं किंवा घाण वासाचं होतं, झटके, आणि 24 तासांच्या आत दिसलेली कावीळ. आईचं रक्त जास्त जात असेल, वार पडली नसेल किंवा तिला झटके आले तर बाळाचा विचार नंतर, आधी आईला हलवा आणि बाळ तिच्यासोबतच जाऊ द्या.

न्यायचं ठरलं की 108 ला फोन करा आणि बाळ नवजात आहे, घरी झालंय, वजन अमुक आहे, असं आधीच सांगा. बाळ वेगळं गुंडाळून सासूबाईंच्या मांडीवर नको. फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे घालून ते आईच्या उघड्या छातीला उभं लावा, वरून साडी किंवा दुपट्टा घट्ट बांधा, त्यावर शाल आणि सगळ्यात बाहेर पावसाचं प्लास्टिक, तोंड-नाक उघडं. आईला जमत नसेल तर बाबांच्या छातीवरही हेच करता येतं. "पावसात बाळ गारठेल" हे सासूबाईंचं भय अगदी रास्त आहे आणि त्यावर लाँचमध्ये याहून चांगला उपाय नाही. गरम पाण्याची बाटली बाळाला लावू नका, भाजतं. आजारी नवजात बाळाची ने-आण, तपासण्या आणि औषधं सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत.

समजा सगळं नीट आहे आणि नर्सबाई घरी आल्या. मग त्यांना बाळ दुपट्यात गुंडाळलेलं दाखवू नका, पूर्ण उघडं करून द्या. डोक्यावरची टाळू, तोंडातला टाळा (बोट घालून, कारण फट कधी मागे असते), डोळे, हृदयाचे ठोके, पोट, बेंबी, पाठीचा कणा, जननेंद्रियं, पाय, सगळं बघायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ज्यांच्याकडे रक्तातला ऑक्सिजन मोजायचं पल्स ऑक्सिमीटर आहे त्यांनी 24 तासांनंतर बाळाच्या उजव्या हाताचा आणि एका पायाचा ऑक्सिजन बघावा. दोन्हीकडे 95 किंवा जास्त आणि दोघांत 3 पेक्षा जास्त फरक नाही, तर बरं. कुठेही 90 च्या खाली आला तर रवाना. यासाठी बाळाचा सेन्सर लागतो, मोठ्यांचा चिमटा बाळाला चुकीचे आकडे दाखवतो.

पहिली भेट झाली म्हणून दुसरी टाळू नका. घरच्या बाळंतपणात आशाताईंनी 1, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी यायचं असतं, एकूण सात भेटी. ही पद्धत आपल्याच राज्यात घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. 2011 पासून आशांच्या या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. आशाताई आल्या की नुसती वहीत सही करून पाठवू नका, श्वास मोजून घ्या, वजन करून घ्या. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. 2.8 किलोचं बाळ 2.52 च्या खाली गेलं तर पाजण्यात काहीतरी चुकतंय. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यायला हवं.

पाचवीचा दिवस, योगायोगानं, कावीळ बघायचा अगदी नेमका दिवस आहे. बाळाला दारात, दिवसाच्या उजेडात घ्या. पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. कपाळ, छाती आणि नडगीवर बोट दाबून उचला आणि उठलेल्या ठशाचा रंग बघा. तोंड-छातीपुरती कावीळ आणि बाळ नीट पितंय, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पायांवर उतरली तर त्याच दिवशी डॉक्टर, तळहात-तळपाय पिवळे झाले तर तासाचाही उशीर नको. खूप चढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करते. कोवळ्या उन्हात धरणं हा त्यावरचा उपचार नाही, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असते त्यांच्या रक्तपेशी त्या वासानं फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते.

तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात आणखी एक खूण : दोन दिवस छान पिणारं बाळ अचानक तोंड उघडेनासं झालं, अंग ताठ व्हायला लागलं, तर धनुर्वात. भारतातून तो 2015 मध्ये जवळपास हद्दपार झाल्याचं जाहीर झालंय, पण आईची इंजेक्शनं राहिली आणि नाळ अस्वच्छ विळ्यानं कापली तर त्याला यायला अजूनही वाट आहे. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन पसरली, घाण वास आला, पू आला, तर तेही थांबण्यासारखं नाही.

थायरॉइडसाठी टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायची तपासणी 48 ते 72 तासांत सगळ्यात चांगली. ती सगळीकडे होत नाही, पण बाळाला कुठल्याही कारणानं पहिल्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयात नेलंत तर मागून करून घ्या. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ सुरुवातीला अगदी नेहमीसारखं दिसतं. रोजची एक स्वस्त गोळी वेळेत सुरू झाली तर त्याची बुद्धी वाचते. ऐकण्याची तपासणी महिन्याच्या आत.

सासूबाईंचा नियम मोडायची फारशी गरज नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गर्दीपासून, दहा हातांपासून आणि वाऱ्यापासून बाळाला दूर ठेवणं चांगलंच आहे. उलट पाचवीला जमणाऱ्या बायकांना तो नियम लावा : हात धुतल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही, सर्दी-खोकला असेल तर अजिबात नाही, आणि पापे घेणं बंद. नर्सबाई आणि आशाताई यांना मात्र उंबरा मोकळा. श्वास मोजायचं काम सासूबाईंवरच सोपवा. चार मुलं वाढवलेल्या बाईची नजर पक्की असते, तिला फक्त घड्याळ आणि 60 चा आकडा हवा.

जाऊबाईंच्या नवव्या महिन्यापासून उपकेंद्राच्या नर्सबाईंचा, आशाताईंचा आणि लाँचवाल्याचा नंबर घरातल्या तिघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. नव्या पात्याचं पाकीट, दोरा, टोपडी-मोजे, धुऊन उन्हात वाळवलेली सहा-सात सुती फडकी, डिजिटल थर्मामीटर आणि ते कार्ड एका पिशवीत बांधून ठेवा. आणि जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. घरच्या जन्माची नोंद करणं ही कुटुंबप्रमुखाची जबाबदारी असते, आणि या मुदतीत त्याला पैसे लागत नाहीत.